वकीलपत्रावरची रिकामी ओळ

आप्पा,

रविवारी दुपारी तुम्हाला अखेरच्या दर्शनासाठी ओसरीत मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात हार, पाठीला फळीचा टेकू. तुमच्या मिटलेल्या डोळ्यांकडे नजर गेली आणि मला भीती वाटली. रडू नंतर आलं, आधी भीतीच. दर शनिवारी आपल्या विधी सहाय्य केंद्रात तुम्ही अगदी असेच बसायचात. मी कुणाचा तरी अर्ज वाचून दाखवत असायची आणि कुठं चुकलं की डोळे न उघडता तुम्ही म्हणायचात, "परत वाच." मला वाटलं, एवढ्या माणसांत तुम्ही आता म्हणणार.

जे चुकलं होतं ते माझ्या पिशवीतच होतं. शुक्रवारी तुम्ही दिलेलं वकीलपत्र, चार घड्या घातलेलं, माझ्या सहीविना.

शेतात समाधीच्या खड्ड्यात तुम्हाला खाली उतरवलं तेव्हा मी बायकांच्या मागे बांधावर उभी होते. जमीन इतकी वाळली होती की माती पडायच्या आधी धूळच उडत होती. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. पाहते तर गणपतराव, आपल्या विहिरीच्या केसमधल्या अंजनाबाईंचा दीर. तुमच्या विरोधातला पक्षकार, पण मयताला आला होता, टोपी काढून हातात धरली होती. हलक्या आवाजात त्यानं मला विचारलं, "वकीलबाई, उद्या कोर्ट बंदच असंल की?"

"काय माहीत," मी म्हणाले.

"असतंय बंद. वकील वारला की तारीखच भेटती. लई मोठा माणूस गेला." आणि त्यानं डोळे पुसले. खरे पुसले, आप्पा. माणूस एकाच वेळी रडूही शकतो आणि हिशेबही करू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं. उद्या, सोमवारी, अंजनाबाईंच्या केसची तारीख होती.

तुम्हीच शिकवलंत की जजसमोर केस सांगताना त्याला काहीच माहीत नाही असं धरायचं आणि अथपासून सांगायचं. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगते. मध्ये डोळे मिटलेत तरी चालेल.

मी मुखेडची. लातूरच्या लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, आणि ते साल कसलं होतं ते कुणाला सांगायला नको. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या हॉस्टेलवर दोन बादल्यांची रांग पहाटेच लागायची. अशात नोटीस बोर्डावर कागद लागला: विधी सहाय्य केंद्रात नावं द्या. फॉर्म भरायचा, दोन फोटो, प्राचार्यांची सही, दर शनिवारी एका गावात हजेरी, डायरी लिहायची, आणि त्या डायरीला प्रात्यक्षिकाच्या पेपरात मार्क. मी नाव दिलं ते मार्कांसाठी आणि गावात टँकरचं का होईना पाणी प्यायला मिळेल म्हणून. सेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. फॉर्मवर "केंद्रात येण्याचा हेतू" अशी ओळ होती. तिथं मी "समाजकार्य" लिहिलं. तुम्ही ते वाचलंत आणि म्हणालात, "खरं लिवलीस तर चालतंय. हितं समदे मार्कालाच येतेत. मार्कं घेऊन जाताना काहीतरी ठिवून जावं, एवढंच."

केंद्र म्हणजे काय, तर उदगीरच्या अलीकडच्या त्या गावात ग्रामपंचायतीची पडवी, एक टेबल, एक रजिस्टर आणि सतरंजी. तुम्ही मोफत सल्ल्याच्या पॅनेलवरचे वकील म्हणून यायचात, आम्ही सहा पोरं-पोरी. नियम पहिल्याच दिवशी सांगितलात: विद्यार्थ्यानं ऐकायचं, लिहायचं, माणसाबरोबर कचेरीत जायचं. सल्ला द्यायचा नाही, कोर्टात बोलायचं नाही. मला तो नियम फार आवडला. त्यातलं बोलायचं नाही हे तर फारच. माझ्या बापाला कोर्टाच्या शिपायालाही हात जोडताना पाहिलेली पोरगी मी. वकिली शिकत होते, पण कोर्टात आवाज काढायची वेळ येईल ही गोष्ट मी मनात पुढं पुढं ढकलत होते.

त्या वर्षी नवा जिल्हा होणार अशी हवा होती. लोक पाण्याचं विचारायच्या आधी तेच विचारायचे. नवा जिल्हा झाला तर आमची केस कुठं जाईल? फाइल वाटंत हरवली तर? तुम्ही कधी हसण्यावारी नेलं नाहीत. लातूर उस्मानाबादपासून वेगळं झालं तेव्हा तुमची वकिलीची सनद कोवळी होती. नव्या जिल्ह्यात, नव्या इमारतीत पहिली तारीख. कोणत्या दालनात जायचं हे विचारायला तुम्ही भ्यालात. आपल्याला अडाणी समजतील म्हणून एका दालनात शिरलात ते दुपारपर्यंत तिथंच बसलात. तिकडं शेजारच्या दालनात पुकारा झाला आणि केस गैरहजेरीत निकाली निघाली. "वकील हजर, पक्षकार हजर, आन केस गैरहजर," असं म्हणून तुम्ही पोरांना हसवायचात. सगळे हसायचे. मी हसत नव्हते, कारण तुमच्या जागी मला मीच दिसायचे.

अंजनाबाई आल्या तेव्हा रजिस्टर माझ्याकडे होतं. नवरा वारलेला, सामाईक विहीर, आठवड्यात दोन दिवस त्यांची पाण्याची पाळी. दुष्काळात विहिरीला गुडघाभर पाणी उरलं तसं गणपतरावानं मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं. अर्जावर सहीच्या जागी अंजनामावशींनी अंगठा पुढं केला. मी म्हणाले, सही शिका, दोन शनिवार लागतील. तीन लागले. पेन त्यांनी विळा धरावा तसं धरलं होतं आणि कपाळाला घाम आला होता. मला वाटलं, ही पहिली बाई जिला माझ्याइतकी भीती वाटते. माझ्या डायरीला त्या सहीवर पूर्ण मार्क मिळाले.

मग तुम्ही दावा लावलात, मनाई हुकूम मिळवलात. पाळीच्या दिवशी कुलूप लावायचं नाही. पण तो हुकूम, कोर्टातल्या भाषेत स्टे, पुढच्या तारखेपर्यंतच. तुम्ही आम्हाला घोकवून घेतलं होतं: तारखेला उभं राहून स्टे वाढवून मागायचा. नुसती तारीख घेऊन आलात तर स्टे त्या दिवशीच संपतो. "तारीख भेटली म्हंजी पाणी भेटलं असं न्हाई, बरं का." केस रेंगाळली, आमच्या परीक्षा झाल्या, मी पास झाले, मुंबईला जाऊन सनद घेतली. सनदेच्या अर्जाला दोन वकिलांची चालचलणुकीची पत्रं लागतात. त्यातलं एक तुमचं होतं. तुम्ही लिहिलंत, "मुलगी प्रामाणिक आहे."

आता ते सांगते जे सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तुम्ही फाइल माझ्या हाती दिलीत. माझी सनद झाली होती, ज्युनिअर म्हणून तुमच्या वतीनं उभं राहता येत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पुकारा झाला, मी उठले, जजमॅडमनी वर पाहिलं आणि विचारलं, "बोला?" माझ्या तोंडातून वाराही आला नाही. मॅडमनी घड्याळ पाहिलं, तारीख दिली, पुढचं नाव पुकारलं. मी बाहेर आले तेव्हा माझ्या वहीत तारीख लिहिलेली होती आणि स्टे संपला होता.

आठ दिवस कुलूप होतं. तुम्ही डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन धावपळ केलीत तोवर आठ दिवस गेले. त्यातल्या सहाव्या दिवशी अंजनाबाई टँकरवरून घागर आणताना पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. ते वाकडंच बसलं.

तुम्ही मला विचारलंत, "का झालं गं?"

मी म्हणाले, "विसरले."

तुम्ही डोळ्यावरची पट्टी सारखी केलीत. मग म्हणालात, "विसरायला औषध हाय." आणि त्या दिवसापासून प्रत्येक तारखेला, कोर्टाच्या पायरीवर, "हात दाखव." मी तळहात पुढं करायची. त्यावर बॉलपेननं लिहिलेलं असायचं: स्टे. पायरीवरचे सगळे वकील हसायचे. तुम्हीही हसायचात, आणि मग स्वतःच उभं राहून ते एक वाक्य बोलायचात. मला बोलायला लावलं नाहीत. मला वाटायचं, बरं झालं, खोटं खपलं.

मी विसरले नव्हते, आप्पा. मी भ्याले होते. मुलगी प्रामाणिक नव्हती.

पुढं मी परीक्षेआड लपले. सनद मिळाली तरी दोन वर्षांच्या आत ती बार परीक्षा पास व्हावी लागते, तेव्हा कुठं कायम वकिलीचं प्रमाणपत्र हाती येतं. पुस्तकं उघडून लिहायची परीक्षा, आणि त्यात मी एकदा नापास झाले! तुमच्या जुन्या कायद्याच्या पुस्तकात रंगीत चिठ्ठ्या लावून औरंगाबादला गेले होते. पहिल्याच प्रश्नाला चिठ्ठ्या चाळण्यात वेळ संपला. तुम्ही चिडवलंत, "पुस्तक बघून लिवायच्या परीक्षेत नापास व्हायला लई हुशारी लागती." दुसऱ्या खेपेला पास झाले. तोवर तुम्ही वकीलपत्रावर माझं नाव घालायचं म्हटलंत की माझं उत्तर ठरलेलं, प्रमाणपत्र येऊ द्या. दीड महिन्यापूर्वी ते पोस्टानं तुमच्याच ऑफिसात आलं. तुम्ही पेढे आणलेत. मी पेढा कागदात गुंडाळून ठेवला, कारण सबब संपली होती.

शुक्रवारी तुम्ही नवं वकीलपत्र तयार करून माझ्यासमोर ठेवलंत. कोर्ट फीची तिकिटं लावलेली, खाली अंजनाबाईंची सही, त्याखाली तुमची, आणि त्याखाली एक रिकामी ओळ.

"सही कर."

"पुढच्या महिन्यात करते, आप्पा. ही केस तुमचीच आहे."

"माझी कशी? विहीर माझी हाय का?"

"तुम्ही असताना माझी काय गरज?"

"म्या किती दिस असतो मग? ज्युनिअर जित्या वकिलाच्या वतीनं हुभी ऱ्हाती. मेलेल्याच्या वतीनं कुणालाच हुभं ऱ्हाता येत न्हाई."

मला राग आला. असलं बोलू नका म्हणाले. तुम्हीही आवाज चढवलात. "वर्स झालं बघायलोय तुला, कवर पळशील?" मी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली आणि निघून आले. येते म्हणालेसुद्धा नाही. आपलं शेवटचं बोलणं ते. यावर किती रडायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी अकराला सगळे कोर्टात जमले. तुमच्या नावानं दोन मिनिटं उभे राहिलो. मॅडम चांगल्या बोलल्या. मग वकील संघाचा ठराव वाचला: दिवंगताच्या सन्मानार्थ आज वकील कामकाजात भाग घेणार नाहीत. यावर तुमचं आणि संघाचं जन्माचं भांडण. वकील मेला तर पक्षकाराला सुतक कशाला, असं तुम्ही दर वेळी म्हणायचात, आणि दर वेळी एकटे पडायचात. आता तुमच्यासाठीच ठराव होता आणि विरोध करायला तुम्ही नव्हता.

कोर्टाच्या बोर्डावर आपला नंबर नववा. मागच्या बाकावर गणपतराव दोन्ही पोरांना घेऊन बसला होता. त्याचा वकील आला नव्हता, यायची गरजही नव्हती. कुणी बोललं नाही की स्टे संपणार होता, आणि मंगळवारी मावशींची पाळी.

मी संघाच्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, एकच वाक्य बोलायचंय, स्टे वाढवून मागायचाय. ते समजुतीनं म्हणाले, "बाई, आप्पांच्या समाधीवर दूध, दिवस, समदं करायचंय अजून. आन त्यांचीच ज्युनिअर ठराव मोडून हुभी राहणार? त्यांच्या आत्म्याला काय वाटंल?" मग जरा खालच्या आवाजात, "तुम्हाला हितंच वकिली करायचीय ना?" धमकी नव्हती. वडीलधाऱ्यासारखंच बोलले ते. त्यामुळं मी जास्त भ्याले. या गावात मला ना घर, ना भावकी, ना दुसरा सीनिअर. हे लोक बोलेनासे झाले तर माझ्याकडे पक्षकार पाठवणार कोण?

मी बाकावर येऊन बसले. तळहातावर स्टे लिहिलं होतं. घामानं ते पुसत चाललं होतं. पाचवा नंबर झाला, सहावा झाला. मॅडम न बघता तारखा देत होत्या. मी पिशवीतून वकीलपत्र काढलं. घड्या उलगडल्या. अंजनाबाईंची सही होती. मोडक्या मनगटानं केलेली, शेवटची दोन अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली. ती सही मीच शिकवली होती आणि मीच वाकडी केली होती. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि सातवा नंबरही झाला. मग मांडीवर फाइल ठेवून रिकाम्या ओळीवर सही केली. धाडस वगैरे काही आलं नव्हतं.

पुकारा झाला. मी उठले. मॅडमचं पेन तारीख लिहायला टेकलेलं होतं. "वादीतर्फे आज..." त्यांनी म्हणायला सुरुवात केली. माझं तोंड उघडं, आवाज नाही. तसंच, मागच्या उन्हाळ्यासारखं. एवढ्यात पाठीवर एक हात पडला. कोर्टात पक्षकारानं पुढं यायचं नसतं, पण अंजनाबाई माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. त्यांचा तो वाकडा हात माझ्या पाठीला पुरता टेकतही नव्हता, नुसती बोटंच लागत होती.

"मी आहे," मी म्हणाले. आवाज फाटका आला. "वादीतर्फे मी. वकीलपत्र दाखल करते. अंतरिम मनाई हुकूम पुढील तारखेपर्यंत वाढवून मिळावा."

मॅडमनी वकीलपत्र हातात घेतलं. तुमच्या सहीवर त्या क्षणभर थांबल्या. मग विचारलं, "आज संघाचा ठराव आहे, माहीत आहे?"

"हो मॅडम. केस आप्पांचीच आहे." आणि मग मी ते दुरुस्त केलं. "म्हणजे, अंजनाबाईंची आहे."

हुकूम वाढला. रोजनाम्यात लिहिलं गेलं. मागच्या बाकावरून गणपतराव उठला आणि पोरांना घेऊन निघून गेला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाकी कुणीच पाहिलं नाही.

बाहेर लिंबाखाली मी मटकन बसले. अंजनाबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. मी म्हणाले, "मावशी, मागच्या साली मी विसरले नव्हते. माझा आवाजच निघाला नव्हता. तुमचा हात माझ्यामुळं मोडला."

त्या म्हणाल्या, "ठाव हाय की."

"कुणी सांगितलं?"

"आप्पानं. तवाच. कागदावर सही घेताना बी म्हणले, पोरगी भेती, अंजना. मी नसलो तर तू तिच्या मागं जाऊन हुभी ऱ्हा."

"माहीत असून तुम्ही सही केलीत? माझ्या नावाच्या कागदावर?"

त्यांना प्रश्नच कळेना. "म्या बी भेलेच व्हते की पेन धराया. तू तीन शनवार थांबलीस. म्या काय एक वरीस थांबू नये?"

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, आप्पा. पायरीवर हात दाखव म्हणताना माहीत होतं. औषध कशावर देत होतात? मला रागच आला आधी. वर्षभर मी खोट्याचं ओझं घेऊन फिरले आणि तुम्ही ते पाहत बसलात. एकदा म्हणायचं होतंत की, मला ठाऊक आहे. शुक्रवारी तरी म्हणायचं होतंत. हे भांडण मी तुमच्याशी अजून भांडणार होते. त्याला तुम्ही तारीखही न देता निघून गेलात. मग वाटलं, मी सांगेन म्हणून तुम्ही थांबला होतात. ती ओळ रिकामी ठेवून थांबला होतात तसेच.

आज मंगळवार, मावशींची पाळी. सकाळी त्यांचा फोन आला. एक शब्द बोलल्या नाहीत, फोन मोटारीजवळ धरला होता. घरघर ऐकू येत होती, आणि मध्येच पाइपातून पाणी बदाबद पडल्याचा आवाज. मी किती वेळ ऐकत बसले कोण जाणे.

दुपारी संघाचं पत्र आलं. ठराव मोडल्याबद्दल गुरुवारी चार वाजता खुलासा द्यायचाय, समक्ष, सगळ्यांसमोर. मावशी म्हणतात, म्या येते. त्यांना आत घेणार नाहीत हे मी सांगितलं. मग म्हणाल्या, दाराबाहेर थांबते.

खुलासा लिहून काढलाय. चार ओळींचा आहे. मघापासून ऑफिसातल्या तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून मोठ्यानं वाचतेय. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकतो. तिथं थांबते, आणि परत वाचते.